इस्त्रीवरचा पिझ्झा

रात्री एकला जिन्यात हेल्मेट आपटतं
तेव्हा समजायचं, आज कुणीतरी ऑर्डर रद्द केलीय.
भालू, माझा आतेभाऊ, लाल पिशवी माझ्या पुस्तकावर ठेवतो,
बरोब्बर अनुच्छेद एकवीसवर,
आणि म्हणतो, "ऊठ रे गद्र्या, प्रयोगशाळा उघड."

प्रयोगशाळा म्हणजे भंवरकुआंची दहा बाय दहाची खोली,
एक किटली, एक इस्त्री,
आणि घरमालकीण घोरायला लागली की तापणारी शेगडी,
कारण करारात लिहिलंय, स्वयंपाक मना आहे.
इस्त्री मना आहे, असं कुठं लिहिलंय?

म्हणून पिझ्झा चांदीच्या कागदात गुंडाळून
आम्ही सुतीच्या आकड्यावर शेकतो.
एकदा चुकून वाफेचं बटण दाबलं गेलं,
तेव्हापासून मुलाखतीच्या शर्टाला
ओरेगॅनोचा वास येतो.

बर्गर आमच्याकडे बर्गर राहत नाही.
पाव कुस्करायचा, टिक्की मोडायची,
मोहरी तडतडली की हिंग, हळद, शेवटी शेंगदाण्याचं कूट,
देवासला आई शिळ्या पोळीचं करते तेच.
फक्त त्यात मेयोनीज असतं,
आणि मेयोनीजला फोडणी मानवत नाही, हे आता लिहून ठेवलंय.

मोमो चिंचगुळाच्या आमटीत सोडले, चकोल्या समजून.
फुटले.
कोबी आमटीभर फिरत राहिली
पत्ता न सापडलेल्या डिलिव्हरीवाल्यासारखी.
भालूला ही उपमा आवडली नाही. त्या रात्री भांडी मी घासली.

कोला आटवून त्याचा एकतारी पाक,
त्यात फ्रेंच फ्राइज घोळवून बटाट्याचे शंकरपाळे. हे जमलं.
पातेलं अजून काळं आहे, पण हे जमलं.
नूडल्सचं थालीपीठ मात्र उलटेना.
पहाटे उलटलं, ते दोघांच्या पोटातून.

शेजारच्या खोलीतला झाबुव्याचा निर्भयसिंह
वासावर येतो, स्वतःचा चमचा घेऊन,
खिशात जीरावनची पुडी.
"भिया, सब पे चलता है," म्हणतो, आणि भुरभुरवतो.
खाऊन "गजब" म्हणतो. तो सगळ्यालाच गजब म्हणतो,
तीनदा नापास झालेल्या पटवारीच्या परीक्षेलाही.

मग मार्चात केक आला.
अर्धा किलो, व्हॅनिला, वर गुलाबी अक्षरांत
हॅपी बर्थडे ऋजुता.
विजयनगरला गेलो, भालू म्हणाला,
आत लाइट होता, दार उघडलं नाही कुणी.
फोन बंद. वीस मिनिटं उभा होतो.
पाकिटात मेणबत्तीचा सहाचा आकडा होता.
सहा असतील. किंवा साठ, ज्यातलं शून्य दुकानातच राहिलं.

इस्त्रीकडं कुणाचा हात गेला नाही.
निर्भयसिंहानं सवयीनं पुडी काढली आणि थबकला,
एवढा शहाणा मी त्याला कधी पाहिला नव्हता.
"टाक," भालू म्हणाला, "पण कडेकडेनं. नावावर नको."

आम्ही कडेकडेनं खाल्ला.
व्हॅनिलावर जीरावन वाईट लागतं, फार वाईट,
आणि तरी तिघांनी बोटं चाटली.
कुणी गजब म्हणालं नाही.

सकाळी खोक्यात नाव तेवढं शिल्लक होतं.
मुंग्यांनी ऋपासून सुरुवात केली होती,
रांगेत, न घाई करता.
भालू हेल्मेट चढवून निघाला,
जिन्यातून ओरडला, "खोका टाकू नको रे."

मला दहाला पेपर होता.
शर्ट काढला, इस्त्री तापवली.
व्हॅनिलाचा वास येईल असं उगाच वाटलं.
ओरेगॅनोच आला.